मधल्या माणसाची जागा

माझी एक माजी विद्यार्थिनी काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी गेली होती. तिची एम.एस्सी. भौतिकशास्त्रातली, पीएच.डी. पेशीविभाजनावरची, आणि प्रबंधातले निम्मे काम तिने स्वतः लिहिलेल्या संगणकीय आज्ञावल्यांच्या आधाराने केलेले. छाननीच्या टेबलावर तिला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यात आला : तुमचा विषय नेमका कोणता? भौतिकशास्त्राच्या जागेसाठी तिचा प्रबंध ‘संबंधित विषयातला’ ठरेना आणि प्राणिशास्त्राच्या जागेसाठी तिची पदव्युत्तर पदवी ‘संबंधित विषयातली’ ठरेना. तिथे बसलेल्यांपैकी कोणी तिच्याशी वाईट वागले नाही. नियम जसा लिहिला होता तसा त्यांनी वाचला. पुढची तीन वर्षे ती दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर प्रथम वर्षाला यामिकी शिकवत होती. ज्या कामासाठी तिने आयुष्याची सहा वर्षे दिली, ते काम पुण्यात कुठल्याच पगारपत्रकात बसत नव्हते.

आंतरविद्याशाखीय संशोधनाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच इमारती, यंत्रे आणि सामंजस्य करार यांकडे वळते. पुण्यापुरते बोलायचे तर या गोष्टींची वाण नाही. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, आयुका हे खगोलशास्त्राचे केंद्र आहे, रेडिओ खगोलभौतिकीचे राष्ट्रीय केंद्र आहे आणि विद्यापीठाचे स्वतःचे जैवमाहितीशास्त्राचे केंद्रही आहे. तिथून पाषाणच्या रस्त्याला लागले की १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते आणि तिच्या शेजारी २००६ साली स्थापन झालेली आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक याच शहरात उभा केला, आणि राष्ट्रीय महासंगणन अभियानातला ‘परम ब्रह्म’ आयसरमध्ये बसवण्यात आला. भौतिकशास्त्र, पेशीशास्त्र आणि संगणन या तिन्हींतील मोठ्या संस्था एकमेकींपासून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर आहेत. एवढे असूनही त्यांच्यात जे एकत्रित काम होते, ते बहुतेक वेळा दोन माणसांच्या वैयक्तिक मैत्रीवर चालते आणि त्यांतला एक निवृत्त झाला की थांबते. संस्था शेजारी आल्या की संवाद आपोआप सुरू होतो, ही समजूत खरी नाही. तो सुरू करणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाला पद, पगार, विद्यार्थी आणि बढतीचा मार्ग लागतो. ही मधली जागा आपण अजून निर्माणच केलेली नाही, असे माझे म्हणणे आहे.

मधला माणूस कशाला हवा, तीन विषयांचे तीन तज्ज्ञ एका खोलीत बसवले तर पुरेसे नाही का, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर एका प्रश्नाच्या तपशिलात शिरल्याशिवाय देता येत नाही.

पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या कुंपणाशी सदाफुली फुललेली असते. तिच्यापासून मिळणारे व्हिंक्रिस्टीन हे औषध लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर अनेक दशके वापरले जात आहे. ते पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि त्या प्रथिनापासून सूक्ष्मनलिका तयार होऊ देत नाही. या नलिकांची जाडी जेमतेम २५ नॅनोमीटर असते. पेशी दुभंगताना गुणसूत्रांच्या दोन प्रती विरुद्ध टोकांना ओढून नेणारा जो तर्कू तयार होतो, तो याच नलिकांचा बनलेला असतो. तो बनला नाही की विभाजन अडते. १९८४ साली मिचिसन आणि कर्शनर यांनी दाखवून दिले, की या नलिका स्थिर नसतात. संथपणे वाढत असलेली नलिका एकाएकी कोसळू लागते, मध्येच सावरून पुन्हा वाढू लागते, आणि त्याच क्षणी तिच्या शेजारची नलिका नेमके उलटे करत असते. हा चंचलपणा पेशीच्या उपयोगाचा आहे असे मानले जाते, कारण वाढत आणि कोसळत राहणारी टोके पेशीभर चाचपडत गुणसूत्रे शोधत असतात.

आता माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात आणि प्रत्येकाच्या दोन्ही प्रती योग्य बाजूला पकडल्या जाव्या लागतात. असा चाचपडत केलेला शोध पेशीला परवडेल एवढ्या वेळात पुरा होतो तरी कसा? हा प्रश्न कोणत्या विभागाचा मानायचा? कोणती प्रथिने यात भाग घेतात आणि एखादे काढून टाकले तर काय बिघडते, हे पेशीशास्त्रज्ञ सांगेल. यादृच्छिक शोधाला सरासरी किती वेळ लागावा आणि ओढायला किती बल लागावे, हे भौतिकशास्त्रज्ञ मांडेल. परंतु शेकडो टोके एकाच वेळी हलत असतात आणि एकमेकांवर परिणाम करत असतात, तेव्हा समीकरणे कागदावर सुटत नाहीत. ती संगणकावर चालवून पाहावी लागतात. ती बरोबर आहेत की नाही हे ठरवायला सूक्ष्मदर्शकाने टिपलेल्या हजारो चित्रांमधून एकेका टोकाचा माग काढावा लागतो. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत, ही मर्यादा अ‍ॅबे यांनी १८७३ सालीच सांगितली होती. म्हणजे २५ नॅनोमीटरची नलिका चित्रात तिच्या खऱ्या जाडीपेक्षा कित्येक पट रुंद आणि धूसर दिसणार. माग काढणारी आज्ञावली लिहिणाऱ्याला प्रकाशाचे हे वागणे माहीत नसेल, तर तो धूसरपणालाच हालचाल समजेल; आणि नलिका कोसळू शकते हे पेशीशास्त्र त्याला ठाऊक नसेल, तर एकाएकी लहान झालेली नलिका ही मोजणीतली चूक समजून तो ती गाळून टाकेल. तीन तज्ज्ञ तीन खुर्च्यांवर बसले असताना ही चूक कोणाच्याच खुर्चीखाली सापडत नाही. ती पकडली जाण्यासाठी तिन्ही गोष्टी एकाच डोक्यात यायला हव्यात, निदान काही काळ तरी.

विज्ञानाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलेले आहे. १९४३ साली लुरिया या वैद्यकशास्त्र शिकलेल्या माणसाने आणि डेलब्रुक या भौतिकशास्त्रज्ञाने मिळून जीवाणूंवर एक प्रयोग केला. विषाणूला न जुमानणारे जीवाणू हे विषाणूची गाठ पडल्यामुळे तयार होतात, की ते आधीच योगायोगाने तयार झालेले असतात, हा वाद होता. त्यांनी अनेक नळ्यांत एकाच प्रकारचे जीवाणू वेगवेगळे वाढवले, त्यांच्यावर विषाणू सोडले आणि वाचलेल्यांच्या सरासरीपेक्षा नळ्यानळ्यांमधली तफावत पाहिली. काही नळ्यांत जवळजवळ कोणीच वाचले नाही आणि एखाद्या नळीत भरमसाट वाचले; बदल आधीच झालेला असला तरच असे होऊ शकते, हे त्यांनी गणिताने दाखवले. प्रयोग अगदी साधा होता, परंतु सरासरी सोडून तफावतीकडे पाहायला हवे ही नजर त्या काळच्या जीवशास्त्रात रुळलेली नव्हती.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. हॉजकिन आणि हक्सली यांनी माकुळाच्या जातीतल्या एका सागरी प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूवर प्रयोग करून चेतासंदेश कसा धावतो याची समीकरणे १९५२ साली प्रसिद्ध केली. ती सोडवायला केंब्रिजचा संगणक वापरायचे ठरले होते, पण तो सुधारणेसाठी कित्येक महिने बंद राहणार होता. तेव्हा हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर आकडेमोड केली. त्या यंत्राची मूठ फिरवत त्यांनी आठवडेच्या आठवडे काढले. उत्तर आले सेकंदाला १८.८ मीटर आणि प्रत्यक्ष मोजलेला वेग होता २१.२ मीटर. तुकड्यातुकड्याने मोजलेल्या गुणधर्मांवरून संपूर्ण संदेशाचा वेग इतक्या जवळपास यावा, हे मी वर्गात शिकवताना दर वेळी थांबून पुन्हा सांगत असे. हक्सली मुळात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित शिकायला केंब्रिजला गेले होते. अभ्यासक्रमाच्या नियमाप्रमाणे आणखी एक विषय घेणे भाग होते, म्हणून त्यांनी शरीरक्रियाशास्त्र घेतले, आणि पुढे तेच त्यांचे क्षेत्र झाले. एका सक्तीच्या जादा विषयाने हे केले, ही गोष्ट आपल्या अभ्यासमंडळांनी गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

आपल्या देशातही असे झाले. मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रमुख असलेले गो. ना. रामचंद्रन यांनी कातडीत असणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची रचना शोधायचे ठरवले, तेव्हा त्यांना नमुने शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळाले. कातडी कमावण्याचा अभ्यास करणारी संस्था आणि क्ष-किरणांचा अभ्यास करणारा विभाग हे शेजारी होते, एवढे खरेच. पण त्या शेजाराचा उपयोग झाला, कारण विभागाच्या प्रमुखाला प्रथिनांवर काम करण्यापासून कोणी अडवले नाही. १९६३ साली त्यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह मांडलेला प्रथिनांच्या कोनांचा आलेख आजही जगभर प्रथिनांची रचना तपासण्यासाठी वापरला जातो. त्याच विभागाची आज छाननी झाली असती तर ते काम भौतिकशास्त्र ठरले असते का, याची मला खात्री वाटत नाही.

तीन विषयांची माणसे एकत्र आली की पहिली अडचण भाषेची येते. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पाच्या बैठकीत आम्ही अर्धा तास ‘मॉडेल’ या शब्दावरून एकमेकांना चुकीचे समजत होतो. पेशीशास्त्राच्या बाई मॉडेल म्हणत तेव्हा त्यांच्या मनात किण्व (यीस्ट) किंवा फळमाशी असे, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेला सजीव. माझ्या मनात दोन-तीन समीकरणे असत. संगणनशास्त्राचे तरुण सहकारी मॉडेल म्हणत ते हजारो चित्रांवर प्रशिक्षित केलेले न्यूरल नेटवर्क. ‘मॉडेल चुकले’ या वाक्याचे तिघांनी तीन अर्थ घेतले आणि तिघांनी तीन वेगवेगळे उपाय सुचवले. अशा बैठकीत तिन्हीकडच्या भाषा जाणणारे एक माणूस असले, तर तो अर्धा तास वाचतो. नसले, तर कधीकधी एक वर्ष जाते.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला वजनदार वाटतो. विषयांच्या सीमा मोडल्या की अभ्यासाची खोली जाते, सगळ्यातले थोडेथोडे येणारी आणि कशातच पक्की नसलेली माणसे तयार होतात, आणि ‘आंतरविद्याशाखीय’ ही पाटी कच्च्या कामाचे पांघरूण बनते. असे घडताना मी पाहिलेले आहे. नव्या नावाचा अभ्यासक्रम सुरू होतो, त्यात चार विभागांचे प्रत्येकी दोन-दोन विषय टाकले जातात आणि विद्यार्थ्याला दोन वर्षांत कशाचाच तळ लागत नाही. डेलब्रुक आणि रामचंद्रन हे आधी एका विषयात पक्के मुरले होते आणि मग पलीकडे गेले. म्हणून पदवीच्या पातळीवर खिचडी करा, असे मी म्हणत नाही. मुरलेल्या माणसाला पलीकडे गेल्यावर परत येण्याचे दार बंद होऊ नये, आणि पलीकडे गेल्याबद्दल त्याला दंड भरावा लागू नये, एवढेच मागणे आहे.

पण पलीकडे जायची तयारी कुठेतरी आधी व्हावी लागते, आणि आपण ती सोळाव्या वर्षीच तोडतो. दहावीनंतर विज्ञानशाखेत आलेल्या मुलाला ‘गणित सोडणार की बायो?’ असे विचारले जाते. डॉक्टरकीकडे वळायचे असेल तर गणित सुटते; इंजिनीअरिंगकडे जायचे असेल तर जीवशास्त्राच्या जागी बायफोकलचे संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स येते, कारण तिथे गुण चांगले पडतात. सीईटीचेही दोन गट आहेत, आणि क्लासच्या तुकड्याही त्याप्रमाणे पडतात. परिणामी पेशीशास्त्राकडे जाणाऱ्या बहुतेक मुलांनी कलनशास्त्र पुन्हा हातात धरलेले नसते आणि संगणकाकडे जाणाऱ्यांना पेशीचे केंद्रक दहावीच्या आकृतीपलीकडे माहीत नसते. आयसरने बी.एस.-एम.एस.च्या सुरुवातीच्या वर्षांत सर्वांना चारही मूलभूत विज्ञाने शिकवण्याची पद्धत ठेवली, ती मला फार मोलाची वाटते. परंतु ते शिक्षण निवडक मुलांना मिळते; फर्ग्युसन, स. प. किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला प्राणिशास्त्रासोबत थोडे संख्याशास्त्र आणि आज्ञावली लिहिण्याचा एक खरा, परीक्षेपुरता नसलेला अभ्यासक्रम मिळाला, तर हक्सलींच्या बाबतीत घडले ते तिच्याही बाबतीत घडू शकेल.

संगणनाकडे पाहण्याची आपली पद्धत तर आणखी एका कारणाने सदोष आहे. २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक निम्मे डेव्हिड बेकर यांना आणि निम्मे अल्फाफोल्ड या प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय प्रणालीसाठी हस्साबिस व जम्पर यांना मिळाले, तेव्हापासून प्रत्येक संशोधन प्रस्तावात कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक परिच्छेद आलेला दिसतो. अल्फाफोल्ड शक्य झाले ते मात्र प्रथिनांच्या रचनांच्या एका खुल्या संग्रहामुळे. १९७१ साली तो अवघ्या ७ रचनांनिशी सुरू झाला आणि अर्धशतकभर प्रयोग करणाऱ्यांनी त्यात एकेक रचना जमा केली. प्रशिक्षणाला त्यातल्या सुमारे १ लाख ७० हजार रचना वापरल्या गेल्या. म्हणजे नोंदी ठेवणारी, त्यांचे स्वरूप एकसारखे राखणारी, चुका दुरुस्त करणारी माणसे पन्नास वर्षे कामावर होती. जम्पर यांचे स्वतःचे शिक्षणही भौतिकशास्त्र आणि गणितातून सैद्धांतिक रसायनशास्त्राकडे गेलेले, आणि हस्साबिस संगणनशास्त्रातून मेंदूविज्ञानाकडे गेलेले.

आपल्याकडे आज्ञावली लिहिणारा विद्यार्थी प्रबंध सादर करतो आणि जातो. त्याने लिहिलेले सगळे एका हार्ड डिस्कवर राहते, ती कपाटात जाते, आणि दोन वर्षांनी आलेला नवा विद्यार्थी तेच पुन्हा पहिल्यापासून लिहितो. जिवंत पेशींचे एका दिवसाचे चित्रण शेकडो गिगाबाइट भरू शकते. ते कोणत्या दिवशी, कोणत्या तापमानाला, कोणत्या दिव्याच्या किती प्रखरतेत टिपले याची नोंद नसेल, तर ते पुढे कोणाच्याही उपयोगाचे राहत नाही. औषध दिलेल्या पेशींची चित्रे सोमवारी आणि न दिलेल्यांची गुरुवारी घेतली गेली असतील, तर न्यूरल नेटवर्क त्यांच्यातला फरक अगदी बिनचूक ओळखेल. पण ओळखलेला फरक औषधाचा नसून दिव्याचा असू शकेल. यंत्र कितीही मोठे घेतले तरी ही चूक ते सांगत नाही. ती सांगायला सूक्ष्मदर्शकाजवळ उभा राहिलेला आणि आज्ञावलीही वाचू शकणारा माणूस लागतो, आणि त्याच्यासाठी आपल्या संस्थांच्या मंजूर पदांमध्ये नाव नाही. तो ‘प्रकल्प सहायक’ म्हणून येतो आणि प्रकल्पासोबत जातो.

खगोलशास्त्राने हा प्रश्न पुण्यातच बराचसा सोडवलेला आहे, म्हणून दूर जाण्याची गरज नाही. खोडदजवळ जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या राहिल्या त्या खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून. डिशचा पृष्ठभाग पोलादी तारांच्या जाळीचा ठेवून वजन आणि खर्च कमी करणे हे अभियांत्रिकीचे काम होते, आणि दुर्बिणीच्या केंद्रात अभियंत्यांना आणि संकेतप्रक्रियेची आज्ञावली लिहिणाऱ्यांना कायमच्या जागा मिळाल्या. दुर्बीण चालवणारा माणूस हा विज्ञानाचा भाग आहे, हे तिथे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. पेशीशास्त्राच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक सांभाळणाऱ्याला तोच मान का नसावा? आयुकाचीही एक पद्धत अनुकरणीय आहे. देशातल्या विद्यापीठांतले आणि महाविद्यालयांतले शिक्षक अभ्यागत सहयोगी म्हणून तिथे येतात, आपली नोकरी न सोडता काही आठवडे काम करतात, आणि परत जाऊन शिकवतात. पेशीशास्त्र, भौतिकशास्त्र आणि संगणन यांच्यासाठी अशी एक योजना पुण्यातल्या संस्थांनी मिळून चालवली, तर तासिका तत्त्वावर अडकलेल्या कित्येकांना उन्हाळ्याच्या सुटीत तरी खऱ्या सूक्ष्मदर्शकापाशी बसता येईल.

नियमांच्या बाबतीतही हालचाल होते आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत पदव्युत्तर पदवीच्या विषयासाठी ‘संबंधित’सोबत ‘संलग्न’ हाही शब्द आहे. तो वाचायची तयारी असेल तर बरेच काही त्यात बसते. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात पदवीच्या विषयाचे बंधन आणखी सैल करण्याचा प्रस्ताव होता. त्या मसुद्यातल्या इतर तरतुदींवर बरीच टीका झाली आणि त्यातली काही मला योग्य वाटते, पण हा एक मुद्दा त्या वादात हरवू नये. तरीही नियम सैल झाल्याने महाविद्यालयाचे गणित बदलत नाही, कारण पद मंजूर होते ते विषयाच्या कार्यभारावर, आठवड्याला त्या विषयाच्या किती तासिका आहेत यावर. दोन विभागांत अर्धा-अर्धा कार्यभार असणारे पद मंजूर करण्याची सोय उच्च शिक्षण विभागाने केल्याशिवाय प्राचार्यांचे हात बांधलेलेच राहणार.

सुरुवात विद्यापीठाने करावी, असे मला वाटते, कारण पेशीविज्ञान केंद्र आणि आयुका त्याच्याच आवारात आहेत आणि जैवमाहितीशास्त्र तिथे आधीपासून शिकवले जाते. दोन विभागांची संयुक्त अशी पाच पदे आणि सूक्ष्मदर्शक, विदासंग्रह (डेटा) व आज्ञावल्या सांभाळणारी तेवढीच कायम पदे, एवढ्याने आरंभ होईल. जाहिरातीत पदवीचे नाव लिहिण्याऐवजी प्रश्न लिहावा : पेशीतील बलांचे मापन, किंवा सूक्ष्मदर्शकीय चित्रांचे विश्लेषण. निवड समितीत दोन्ही विषयांचे तज्ज्ञ असावेत आणि उमेदवाराचे एका विषयातले पक्केपण त्यांनी कठोरपणे तपासावे. माझी ती विद्यार्थिनी आता चाळिशीकडे आली आहे. अशी जाहिरात निघाली तर तिला वयाची अट आड येऊ नये, हेही त्याच जाहिरातीत लिहावे लागेल.